सावड आजारपणाची



दवाखान्याचा केसपेपर आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यावर रुग्णाचं नाव असतं, वय असतं, गाव आणि तालुका असतो. आजाराचं नाव, औषधांची यादी, पुढच्या तपासणीची तारीख, सगळं असतं. पण त्या रुग्णाला उचलून रिक्षात बसवणारी, रात्रभर उशाशी जागणारी जी व्यक्ती असते, तिचं नाव कागदावर कुठं येतं? एकाच ठिकाणी. संमतीपत्राच्या तळाशी 'रुग्णाचे नातेवाईक' असं छापलेलं असतं, तिथं तिनं सही करायची किंवा अंगठा उठवायचा. मी तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली. अशा किती सह्या घेतल्या असतील, त्याची मोजदाद नाही. आज बोलायचं आहे ते त्या सही करणाऱ्या माणसाविषयी.

आणि तेही अशा घरांविषयी, जिथं आजार आता बरा होणार नाही हे कळून चुकलेलं आहे. कर्करोग शरीरभर पसरलेला असतो, मूत्रपिंडं थकलेली असतात, हृदय दमलेलं असतं. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, "आता इथं ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा." त्यांचं म्हणणं खरंच असतं. पण 'सेवा करा' या दोन शब्दांत काय काय मावतं, ते समजावून सांगायला तिथं कुणाला सवड नसते. नळीतून पेज कशी भरायची, जखमेला वास यायला लागला तर काय करायचं, रात्री अडीच वाजता धाप लागली तर कुणाला हाक मारायची? रुग्णालयात ज्या कामाला तीन पाळ्यांत सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय असतात, ते सगळं काम घरी आल्यावर एका माणसावर येतं. आणि त्या माणसाची पाळी कधी बदलत नाही.

बहुतेक घरांत हे माणूस म्हणजे बाई असते. बायको, सून, किंवा लग्न न झालेली मुलगी. तिला कुणी 'काळजीवाहक' वगैरे म्हणत नाही. तिनं ते करायचंच असतं, असं घर धरून चालतं आणि तीही धरून चालते.

या अवस्थेतल्या रुग्णाचा विचार जगात कधी सुरू झाला, ते थोडक्यात सांगते. सिसिली साँडर्स नावाच्या इंग्लंडमधल्या बाई. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि पुढं वयाच्या तिशीत वैद्यकीचं शिक्षण घेऊन डॉक्टर झालेल्या. त्यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आजार बरा होत नसेल, तरी वेदना कमी करता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचं आणखी एक म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. वेदना फक्त शरीराची नसते, ती मनाची असते, घरच्या अडचणींची असते, आणि 'हे माझ्याच वाट्याला का' या प्रश्नाचीही असते. म्हणून उपचार एकट्या रुग्णाचे नाहीत, तर त्याच्याभोवतीच्या घराचेही करायचे. हॉस्पिसची कल्पना उभी आहे ती या पायावर.

आपल्या देशात पहिलं हॉस्पिस निघालं ते महाराष्ट्रातच. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केलं. पुढं १९९७ साली पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झालं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे त्रास हलका करणारी सेवा, उपशामक सेवा. वारज्याच्या केंद्रात कर्करोगाच्या रुग्णांना विनामूल्य सेवा मिळते आणि रुग्णाबरोबर घरचं माणूस राहू शकतं. त्या माणसाला तिथं शिकवलं जातं. जखम कशी धुवायची, कूस कशी बदलायची, औषध कुठल्या वेळेला द्यायचं. रुग्णाला कायमचं ठेवून घेणं हा हेतू नसतो. त्रास आटोक्यात आणायचा आणि घरच्यांच्या हाताला वळण लावून घरी पाठवायचं, हा हेतू असतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं येऊ. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालेला, आणि बोलण्यात अजून नगरच असलेला आपला जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यांत मोठा. सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. चौदा तालुके, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणं पंचेचाळीस लाखांची वस्ती. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत पसरलेला. नगर शहरापासून पुणं एकशेवीस किलोमीटर आहे, पण वाडीवरून नगरला यायलाच निम्मा दिवस जातो. ज्या माणसाला कुशीवर वळवलं तरी कळ येते, त्याला एवढा प्रवास कसा झेपणार? त्यामुळं आपल्याकडं अखेरच्या आजारातलं हॉस्पिस म्हणजे बहुतेकदा आपलं घरच. पडवीतली खाट आणि तिच्या शेजारी बसलेलं एक माणूस.

ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठी आपल्या जिल्ह्यात मोठी कामं उभी राहिली. घरच्यांनी पाठ फिरवलेल्या एचआयव्हीबाधितांसाठी स्नेहालय आहे. रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली आहे. जिल्ह्यानं अभिमान बाळगावा अशी ही कामं आहेत. पण ज्याला घर आहे, बायको आहे, सून आहे, त्याची सोय झालीच, असं आपण गृहीत धरतो. सोय रुग्णाची होते. त्या बायकोचं आणि त्या सुनेचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही तिघी-चौघी जुन्या सहकारी जमेल तसं अशा घरांत जातो. आमची संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. ओळखीतून निरोप येतो, आम्ही एसटी धरतो. त्यातलं एक घर पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरचं. सत्तरीचे आजोबा आणि त्यांची आजारी बायको. तिच्या छातीवर कर्करोगाची उघडी जखम. दोन्ही मुलं आणि सुना कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्या. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत येणं शक्य नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातल्या लोकांना हे सांगायला नको. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि गावात म्हातारे, आजारी आणि शाळेची पोरं मागं राहतात.

आजोबा म्हणाले, "सिस्टर, जन्मभर जनावरांच्या जखमा धुतल्या, पण हिची धुताना हात कापतो." आम्ही त्यांना दाखवलं. पाणी उकळून निववायचं, त्यात मीठ किती टाकायचं, चिकटलेलं कापड ओढून न काढता भिजवून कसं सोडवायचं. वास कमी करायला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळीची पूड जखमेवर कशी भुरभुरायची. तिसऱ्या खेपेला त्यांचा हात स्थिर झाला होता. पण त्याच दिवशी मी सहज त्यांचाच रक्तदाब पाहिला आणि दचकले. महिनाभर त्यांनी स्वतःची गोळीच घेतलेली नव्हती. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळत होत्या. पण आणायला जायचं म्हणजे सकाळची एसटी आणि दुपारची परतीची. तेवढा वेळ बायकोपाशी बसायला कुणी नव्हतं. महिन्यातून एकदा चार-पाच तास, एवढीच त्यांची गरज होती, आणि तेवढी मदतही कुणाकडं मागावी हे त्यांना सुचलं नव्हतं.

सेवा करणाऱ्याला नेमकं काय लागतं, याचा मी अशा घरांमधून अंदाज घेतला. मला चार गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे माहिती. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, टाचा आणि माकडहाड रोज पाहायचं, चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही, तोंड ओल्या फडक्यानं पुसत राहायचं. ही कामं सोपी आहेत, पण कुणीतरी एकदा दाखवावी लागतात. त्याहून अवघड आहे ती जेवणाची गोष्ट. आजार शेवटाकडं आला की माणसाची भूक जाते. शरीरच अन्न नको म्हणतं. हे घरच्यांना माहीत नसतं, आणि बघायला येणाऱ्यांना तर नसतंच. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, काही खाऊ घालतेस की नाही? किती वाळलेत." त्या सुनेच्या काळजात ते वाक्य पुढं वर्षानुवर्षं रुतून राहतं. जबरदस्तीनं भरवलेला घास श्वासनलिकेत जायचा धोका असतो. मागेल तेव्हा, मागेल तेवढं, चमच्यानं द्यावं. नको म्हणाला तर ओठ ओले करावेत. ही हेळसांड नव्हे, हीच त्या वेळची योग्य सेवा आहे. हे डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी चार नातेवाइकांच्या देखत सांगितलं, तर त्या सुनेवरचं मोठं ओझं उतरतं.

दुसरी गोष्ट वेदनेवरचं औषध. तीव्र वेदनेवर तोंडानं घ्यायची मॉर्फिनची गोळी हे जुनं, स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळं ते मिळणं फार किचकट झालं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सुलभ झालं. तरीही भीती उरलीच आहे. "सवय लागेल" म्हणून घरचे गोळी लपवून ठेवतात आणि कळ अगदी असह्य झाली की देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या मापानं आणि घड्याळाप्रमाणं दिलेल्या गोळीनं रुग्ण व्यसनी होत नाही. बद्धकोष्ठ मात्र होतं, म्हणून त्यासाठीचं औषध सोबत मागून घ्यावं. रुग्णाची कळ थांबली की सेवा करणाऱ्याची रात्र सुटते. कण्हणाऱ्या माणसाशेजारी कुणाला झोप लागणार? म्हणून ज्या डॉक्टरांकडं उपचार झाले, त्यांना निघतानाच स्पष्ट विचारावं, "वेदना वाढली तर काय द्यायचं आणि ते कुठं मिळेल?"

तिसरी गोष्ट पैसा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयातले मोठे उपचार होतात. पण घरी आल्यावर लागणारा कापूस, पट्ट्या, डायपर, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब कुठल्याच योजनेत बसत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग, पक्षाघात अशा दुर्धर आजारांच्या रुग्णांचाही समावेश आहे. उत्पन्नाची अट आहे. २०२३ साली ही मदत दरमहा १५०० रुपये झाली. अर्ज तहसील कचेरीत करायचा असतो. आणखी एक लहानशी सोय सांगते. उपचारांसाठी रेल्वेनं जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला भाड्यात सवलत आहे, आणि त्याच्या सोबत्यालाही आहे. मला या नियमाचं फार अप्रूप वाटतं. आजारी माणूस एकटा प्रवास करत नाही, त्याला सोबती लागतो आणि त्या सोबत्यालाही तिकीट काढावं लागतं, हे रेल्वेनं ओळखलं. हीच दृष्टी बाकीच्या नियमांतही यायला हवी.

चौथी गोष्ट विसावा, शरीराचा आणि मनाचाही. पारनेर तालुक्यातली एक सून दीड वर्ष सासूचं सगळं करत होती. नवरा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. त्या दोघींचं आधी कधी फारसं पटलेलं नव्हतं. एकदा मला एसटीपर्यंत सोडायला आली आणि वाटेत थांबून म्हणाली, "सिस्टर, रात्री मनात येतं, आता यांची सुटका व्हावी. मग माझीच मला भीती वाटते. मी पापीण आहे का?"

श्रोतेहो, हा प्रश्न मी कितीतरी जणांकडून ऐकला आहे. सख्ख्या मुलांकडून ऐकला आहे, पन्नास वर्षं सोबत काढलेल्या नवऱ्यांकडून ऐकला आहे. रात्रीमागून रात्री जागलेल्या माणसाच्या मनात हा विचार येतोच. त्यात दुसऱ्याचं मरण चिंतणं नसतं. हाल थांबावेत, त्याचे आणि आपलेही, एवढीच ती इच्छा असते. असा विचार येऊनही ती सून पहाटे उठून सासूचं अंग पुसतच होती ना? मी तिला तेच म्हणाले. ती रडली, आणि म्हणाली की हे आजवर कुणाला बोलले नव्हते. अशा वेळी बोलायला जवळ कुणी नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली. मराठीतूनही बोलता येतं. हा फोन स्वतःसाठी करायचा असतो. आजारी माणूस अंथरुणावर असताना स्वतःच्या मनाचं बोलणं यात स्वार्थ काही नाही.

हे सगळं पुरवायचं कुणी? इथं मला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य जामखेडला आलं. शिकलेल्या नर्सनी खेड्यात जाऊन राहावं, असा त्यांचा आधी विचार होता. ते जमेना. मग त्यांनी गावाला सांगितलं, तुमच्यातलीच एक बाई निवडून द्या. ज्या आल्या त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि परत गावात जाऊन काम करायच्या. बाळंतपणं, बाळांचं वजन, हगवण, क्षय, कुष्ठरोग, या बायकांनी सगळं हाताळलं. १९७९ साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं काम पाहायला जगभरातून लोक येऊ लागले. त्या बायकांनी गावात माणसाचं जगात येणं सुरक्षित केलं. माणसाच्या जाण्याच्या वेळीही तशाच एका शिकवलेल्या, ओळखीच्या बाईची गरज असते. जामखेडला जे जमलं, ते याही कामात का जमू नये?

जमतं, हे केरळनं दाखवलं आहे. कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली उपशामक सेवेचं काम सुरू केलं. नुसत्या दवाखान्यानं भागणार नाही, हे लक्षात आल्यावर मलप्पुरम आणि आसपासच्या भागात शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. आठवड्यातून दोन तास देऊ शकणारी साधी माणसं, शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, गृहिणी, विद्यार्थी. त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं. नर्स जखम बघायची, हे लोक घर बघायचे. रेशन आहे का, पोरं शाळेत जातात का, सेवा करणारी बाई जेवली का. २००८ साली केरळ सरकारनं या सेवेचं धोरणच आखलं आणि ग्रामपंचायती त्यात उतरल्या.

आपल्याकडंही सरकारी कागद अगदी कोरा नाही. २०१२ साली केंद्रानं राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम आखला. २०१८ पासून आरोग्य उपकेंद्रांना जी नवी कामं जोडली गेली, त्यांत वृद्धांची आणि उपशामक सेवाही आहे. आज ज्याला आपण आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतो, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. विचारलं, की निदान आपल्या गावातलं एक अंथरूण त्यांच्या वहीत येतं.

पण उरलेलं काम गावाचं आहे, आणि त्यासाठी आपल्याला नवा शब्दसुद्धा शोधायला नको. शेतीत आपण सावड करतो. कुठं तिला पैरा म्हणतात. आज तुझ्या रानात मी खुरपायला येते, उद्या माझ्या रानात तू ये. कांद्याच्या लागणीला बायका अजूनही अशा एकमेकींकडं जातात. पूर्वी इर्जिक असायची. सगळ्या गावची औतं एकाच्या शेतात उतरायची आणि दिवसात रान उरकायचं. पैसा मध्ये येत नव्हता आणि उपकाराची भाषाही येत नव्हती. तीच सावड आजारपणात करता येईल. आज तुझ्या घरी खाट आहे, उद्या माझ्या घरी असणार आहे. खाट चुकलेलं घर कुठं आहे?

त्या पाथर्डीच्या वस्तीवर हेच झालं. आम्ही शेजारच्या चार घरांत जाऊन बसलो. कुणी नाही म्हणालं नाही. "आम्हाला काय करावं ते कळत नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग वार ठरले. एकीनं सोमवारी दुपारी बसायचं, दुसरीनं गुरुवारी. एका घरातून संध्याकाळची भाकरी. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलानं औषधं आणायची. आजोबा महिन्यातून एकदा स्वतःच्या गोळ्यांसाठी जाऊ लागले, आणि येताना केस कापून येऊ लागले. आजी हसून म्हणायची, "म्हातारा नवरदेव झाला."

होळीच्या आधी आजी गेली. मुलं टोळी अर्ध्यावर सोडून आली. दहाव्याला दारात माणूस मावत नव्हतं. आसपासच्या गावांतून गाड्या आल्या होत्या, भाषणं झाली. आपल्याकडं दहाव्याला जाणं कुणी चुकवत नाही, आणि ते चांगलंच आहे, दुःखात माणूस एकटं पडू नये. पण तिथं जमलेल्या प्रत्येकानं आधीच्या सहा महिन्यांतला एकेक तास दिला असता, तर आजोबांना एकही दुपार एकट्यानं काढावी लागली नसती, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

म्हणून काही गोष्टी अगदी व्यवहाराच्या सांगते. आजारी माणसाच्या घरी गेलात तर "काही लागलं तर सांगा" असं म्हणू नका. सांगायचं कामही तुम्ही त्या थकलेल्या बाईवरच टाकता. "मंगळवारी दुपारी दोन ते पाच मी इथं बसते, तू झोप काढ," असं म्हणा आणि मंगळवारी या. बघायला जाताना चहाची अपेक्षा ठेवू नका, डबा घेऊन जा. कुणाचा कुठल्या काढ्यानं कॅन्सर बरा झाला, हे तिथं सांगू नका. पुण्या-मुंबईला असलेल्या भावांनी फोनवर "नीट लक्ष दे" म्हणण्यापेक्षा महिन्यातल्या दोन रात्री येऊन स्वतः जागावं, आणि येणं जमत नसेल तर खर्चाचा वाटा न मागता पाठवावा. बचत गटाची बैठक दरमहा होतेच. त्यात एक विषय वाढवा, गावात कुणाच्या घरी अंथरूण आहे आणि तिथं कुणाचा कुठला वार.

आणि सेवा करणारा पुरुष असेल, तर त्याला हसू नका. बायकोची वेणी घालणारा, तिचं लुगडं धुणारा नवरा हा चेष्टेचा विषय नाही. असे पुरुष मी पाहिले आहेत, ते दार लावून घेऊन सेवा करतात. त्यांच्याकडं मदतीला कुणी जात नाही, कारण ते बोलत नाहीत.

माणूस गेल्यावरही सेवा करणाऱ्याला विसरू नका. तेराव्यानंतर घर रिकामं होतं. ज्या बाईला दर दोन तासांनी उठायची सवय झाली, ती पुढं कित्येक महिने रात्री दचकून उठते. काम संपलेलं असतं, पण शरीराला ते कळलेलं नसतं. अशा वेळी पंधरा दिवसांनी, महिन्यानं कुणीतरी नुसतं जाऊन बसावं. गेलेल्याबद्दल बोलावं, आणि तिनं काय काय केलं तेही एकदा तिच्या तोंडावर म्हणावं. आयुष्यात तिला ते दुसरं कुणी म्हणालेलं नसतं.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार जगभर हॉस्पिस आणि पॅलिएटिव्ह केअर दिवस म्हणून पाळला जातो. आपल्याकडं त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्यांची बांधाबांध चालू होते. यंदा गाड्या भरण्याआधी प्रत्येक गावानं एक यादी करावी, एवढंच माझं मागणं आहे. कोण जातंय याची यादी मुकादमाकडं असतेच. मागं अंथरुणावर कोण राहतंय आणि त्याच्यापाशी कोण राहतंय, ही दोन नावं शेजारीशेजारी लिहावीत, आणि दुसऱ्या नावापुढं गावातल्या चार घरांचे चार वार लिहावेत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)